सिनेमा काढण्याआधी दादासाहेब फाळके चित्रं लहान-मोठी करून दगडावर उतरवायचे

गाड्यांची छोटी मॉडेल्स जमवणारे अनेक जण त्यावरचे नंबर आणि लोगो हल्ली घरीच बनवतात. ५० सेंटीमीटरची नंबरप्लेट १:२४ मापाच्या गाडीवर जेमतेम २ सेंटीमीटरची होते. कॉम्प्युटरवर ती तेवढी लहान करायची, खास गोंदाच्या कागदावर छापायची आणि पाण्यात भिजवायची. छपाईचा पातळ पापुद्रा सुटतो आणि तो अलगद गाडीवर सरकवता येतो. यालाच डेकल म्हणतात.

चित्र हव्या त्या मापात आणणं आणि कागदावरून दुसरीकडे उतरवणं ही दोन्ही कामं मात्र कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. शंभरेक वर्षांपूर्वी लोणावळ्यात याच कामावर संसार चालवणाऱ्या माणसाचं नाव होतं धुंडिराज गोविंद फाळके.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलगा मात्र १८८५ ला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात. तिथे चित्रकलेसोबत वास्तुकला आणि मॉडेल बनवणंही तो शिकला. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाचं मॉडेल मांडलं आणि त्याला सुवर्णपदक मिळालं. म्हणजे अख्खी इमारत टेबलावर मावेल अशी करणं त्यांना विशीतच जमत होतं.

पुढे गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. पण प्लेगच्या साथीत बायको आणि मूल दोघंही गेले. गाव सुटलं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली, तीही त्यांनी काही वर्षांत सोडली आणि लोणावळ्यात छापखाना काढला.

लोणावळाच का? तर जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांच्या नावाचा प्रेस होता. रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्या इथल्या छपाईमुळे. फाळके या प्रेससाठी फोटो-लिथो ट्रान्सफर करून द्यायचे.

हे काम चालायचं कसं? मूळ चित्रासमोर मोठा कॅमेरा लावायचा. कॅमेरा मागे नेला की काचेवरची प्रतिमा लहान, पुढे आणला की मोठी. माप इथेच ठरायचं. मग निगेटिव्हखाली खास रसायन लावलेल्या जिलेटिनचा कागद ठेवून त्यावर प्रकाश पाडायचा. प्रकाश लागलेला भाग शाई धरतो, उरलेला पाणी धरतो. शाई लावलेला तो कागद दगडावर दाबला की चित्र दगडावर उतरतं, पण उलटं. दगडावरून छापलं की पुन्हा सुलटं. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागायचा आणि एखादा दगड किंचित जरी सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यायचा.

उलट-सुलट करण्याची ही सवय त्यांच्या नावापर्यंत गेली होती. जादूचे प्रयोग करताना फाळके स्वतःला प्रोफेसर केळफा म्हणवून घ्यायचे. फाळके उलटं वाचून बघा.

छापखाना पुढे मुंबईत दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना आणि ते बाहेर पडले. वय चाळिशीचं, हातात कला, खिशात काही नाही.

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि त्यांना वेड लागलं. रोज सिनेमे, रात्री जागरणं. इतकी की काही काळ दिसेनासं झालं. चित्रावर जगणाऱ्या माणसाचे डोळेच गेले होते. उपचारांनी नजर परत आली आणि हे पुन्हा सिनेमाच्याच मागे लागले.

१९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. मग कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोज थोडं थोडं चित्रण केलं. रोपाची महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. आयुष्यभर जागा मापात बसवणाऱ्या माणसाने यावेळी वेळ लहान केला होता. ते पाहून पैसे लावणारा तयार झाला, तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. कोऱ्या फिल्मला तेव्हा भोकं नसायची, ती रात्री अंधारात बसून पाडण्याचं कामही सरस्वतीबाईंनी केलं.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ मध्ये 'लंका दहन', १९१९ मध्ये 'कालिया मर्दन'. त्यात कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. १९३७ चा 'गंगावतरण' हा शेवटचा सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये फाळके गेले.

सिनेमे कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही त्यांनी काढली होती. तिचे उरलेले तुकडे आज पाहता येतात. त्यात स्वतः फाळके फिल्मची पट्टी हातात धरून तिच्यावरची चिमुकली चित्रं निरखताना दिसतात.