ज्या मित्राला राष्ट्राध्यक्ष केलं, त्यालाच पाडायला टेडी रूझवेल्ट निघाले आणि निवडून आला तिसराच

१४ ऑक्टोबर १९१२. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी शहर.

हॉटेलातून बाहेर पडून एक नेता सभेला निघाला होता. उघड्या गाडीत उभं राहून त्याने गर्दीला अभिवादन केलं आणि तेवढ्यात समोरून गोळी आली. थेट छातीवर. पण कोटाच्या खिशात दोन वस्तू होत्या. एक चष्म्याची धातूची डबी आणि दुसरी भाषणाच्या ५० पानांची घडी. गोळी या दोन्हींतून आरपार गेली, त्यामुळे तिचा जोर कमी झाला आणि ती बरगडीपाशी अडकली.

नेत्याने तोंडाला हात लावून पाहिला. थुंकीत रक्त नव्हतं, म्हणजे फुप्फुस शाबूत होतं. मग त्याने हॉस्पिटलऐवजी सभेला जायचं ठरवलं आणि रक्ताळलेल्या शर्टावर तो जवळपास दीड तास बोलला.

हा नेता म्हणजे थिओडोर रूझवेल्ट. ज्यांच्या नावावरून टेडी बेअरला टेडी म्हणतात, तेच. आता मुद्दा असा की रूझवेल्ट आधी साडेसात वर्षं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. नोबेल मिळालं होतं, नाव झालं होतं, आरामात घरी बसायचं वय झालं होतं. मग ते पुन्हा प्रचारात कशाला उतरले होते?

तर आपल्याच पक्षाच्या आणि आपल्याच जिवलग मित्राच्या विरोधात. हे प्रकरण समजून घ्यायचं तर २८ वर्षं मागे जावं लागतं.

पहिल्यांदा त्यांनी बंड टाळलं होतं

रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ चा. न्यूयॉर्कचं श्रीमंत घर. लहानपणी दम्याने बेजार असलेला हा मुलगा व्यायाम करून धडधाकट झाला, हार्वर्डला शिकला आणि २३ व्या वर्षी रिपब्लिकन पक्षाकडून न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात पोहोचला.

१४ फेब्रुवारी १८८४ ला त्यांच्यावर आभाळ कोसळलं. एकाच दिवशी, एकाच घरात त्यांची आई आणि बायको दोघी गेल्या. मुलगी ॲलिस जेमतेम दोन दिवसांची होती.

त्याच वर्षी शिकागोत रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं. राष्ट्राध्यक्षपदासाठी जेम्स ब्लेन यांचं नाव पुढे होतं आणि ब्लेन यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते. पक्षातल्या सुधारणावाद्यांनी विरोध केला, त्यात तरुण रूझवेल्ट आघाडीवर होते. तरी तिकीट ब्लेन यांनाच मिळालं. चिडलेले बरेच सुधारणावादी पक्ष सोडून डेमोक्रॅट उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या बाजूने गेले.

रूझवेल्ट यांनी मात्र पक्ष सोडला नाही. उमेदवार नावडता असला तरी पक्षात राहूनच लढायचं, असं त्यांनी ठरवलं. जुने सोबती त्यांच्यावर खवळले. शेवटी न्यूयॉर्क राज्यात ब्लेन हजार-अकराशे मतांनी मागे पडले आणि त्या एका राज्यामुळे राष्ट्राध्यक्षपद गेलं. पक्षात फूट पडली की काय होतं, हे रूझवेल्ट यांनी तेव्हाच डोळ्यांनी पाहिलं होतं.

अडगळीत टाकायला गेले आणि राष्ट्राध्यक्ष करून बसले

पुढची काही वर्षं ते पश्चिमेकडे डकोटात गुरं पाळत राहिले. परत आल्यावर न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्त मंडळाचे अध्यक्ष झाले, नंतर नौदलाचे उपमंत्री. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवकांची तुकडी घेऊन क्युबात लढले आणि हिरो होऊन परतले. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले.

गव्हर्नर झाल्यावर त्यांनी बड्या कंपन्यांवर कर लावला. राज्यातले पक्षाचे सर्वेसर्वा थॉमस प्लॅट यांना हा माणूस डोक्याला ताप वाटायला लागला. मग नामी युक्ती निघाली. रूझवेल्ट यांना १९०० साली उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी द्यायची. पद मोठं, काम शून्य.

पण सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर गोळीबार झाला आणि आठवड्याभरात त्यांचं निधन झालं. ज्याला बाजूला सारलं होतं तोच माणूस ४२ व्या वर्षी अमेरिकेचा सगळ्यात तरुण राष्ट्राध्यक्ष झाला.

रूझवेल्ट यांनी रेल्वे कंपन्यांच्या मक्तेदारीवर खटला भरला आणि तो जिंकला. १९०२ च्या कोळसा खाण संपात मालक आणि कामगार दोघांना चर्चेला बसवलं. अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आणला. जंगलं राखली. रशिया-जपान युद्ध थांबवल्याबद्दल १९०६ चं शांततेचं नोबेल मिळवलं.

पण १९०४ ची निवडणूक जिंकली त्याच रात्री त्यांनी एक घोषणा करून टाकली. आपण पुन्हा उभं राहणार नाही. पुढे हीच घोषणा त्यांच्या गळ्यात अडकली.

वारस म्हणून निवडलेला मित्र

१९०८ साली आपल्या जागी कोण, हे रूझवेल्ट यांनीच ठरवलं. विल्यम हॉवर्ड टॅफ्ट. त्यांचे युद्धमंत्री आणि जवळचे मित्र. टॅफ्ट यांना खरंतर न्यायाधीश व्हायचं होतं. व्हाइट हाउसची ओढ त्यांच्यापेक्षा त्यांच्या पत्नीला जास्त होती. पण रूझवेल्ट पाठीशी होते म्हटल्यावर टॅफ्ट आरामात निवडून आले. नव्या राष्ट्राध्यक्षाला मोकळीक मिळावी म्हणून रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला निघून गेले.

मागे काय झालं?

रिपब्लिकन पक्षात तेव्हा दोन गट होते. एक जुना, उद्योगपतींच्या जवळचा. सरकारने धंद्यात फार लुडबुड करू नये आणि आयातकर चढे ठेवावेत असं मानणारा. दुसरा पुरोगामी गट. कामगार, शेतकरी आणि ग्राहक यांच्यासाठी सरकारने मोठ्या कंपन्यांना वेसण घातली पाहिजे असं म्हणणारा. त्याचे बिनीचे नेते होते विस्कॉन्सिनचे सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट. रूझवेल्ट यांनी आपल्या वजनावर दोन्ही गट एकत्र ठेवले होते. टॅफ्ट यांना ते जमलं नाही.

१९०९ मध्ये आयातकर कमी करायचं विधेयक आलं, पण सिनेटमध्ये ते पार बदललं गेलं. टॅफ्ट यांनी त्यावर सही केली आणि वर त्याचं कौतुकही केलं. पुरोगामी भडकले. मग जानेवारी १९१० मध्ये टॅफ्ट यांनी वनखात्याचे प्रमुख गिफर्ड पिंचॉट यांना काढलं. पिंचॉट हे रूझवेल्ट यांचे खास माणूस.

तरी टॅफ्ट यांना सरळ उद्योगपतींचा माणूस म्हणता येत नाही. मक्तेदारीविरुद्ध त्यांनी चार वर्षांत रूझवेल्ट यांच्यापेक्षा जास्त खटले भरले. ऑक्टोबर १९११ मध्ये तर त्यांच्या सरकारने यूएस स्टील कंपनीला कोर्टात खेचलं. त्यात १९०७ च्या एका व्यवहाराचा उल्लेख होता आणि त्या व्यवहाराला खुद्द रूझवेल्ट यांनी संमती दिली होती. म्हणजे एक तर रूझवेल्ट तेव्हा फसले होते, नाहीतर त्यांनी डोळेझाक केली होती, असा त्याचा अर्थ निघत होता. हा घाव त्यांच्या वर्मी बसला.

शिकागोतलं गणित

फेब्रुवारी १९१२ मध्ये रूझवेल्ट मैदानात उतरले. पण उतरताना त्यांनी अशी एक मागणी केली की जुने मित्रही हादरले. राज्यातल्या न्यायालयाने जनहिताचा कायदा घटनाबाह्य ठरवला, तर तो निकाल फिरवायचा अधिकार जनतेला मतदानाने मिळावा. टॅफ्ट यांच्यासारख्या न्यायशास्त्राच्या माणसाला ही थेट अराजकाची वाट वाटली. हेन्री कॅबट लॉज हे रूझवेल्ट यांचे १८८४ पासूनचे सोबती, पण त्यांनाही हे पटलं नाही. भांडण आता फक्त दोन माणसांचं उरलं नव्हतं. शेवटचा शब्द जनतेचा की कायद्याचा, यावर पक्ष उभा चिरला गेला.

त्या वर्षी पहिल्यांदाच डझनभर राज्यांत पक्षाच्या उमेदवारीसाठी सामान्य मतदारांनी मतदान केलं. यालाच प्रायमरी म्हणतात. यातली नऊ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. टॅफ्ट यांचं स्वतःचं ओहायोसुद्धा.

मग तिकीट त्यांनाच मिळायला हवं होतं ना? पण बाकीच्या राज्यांत प्रतिनिधी पक्षयंत्रणा निवडायची आणि यंत्रणा होती राष्ट्राध्यक्षांच्या हातात. दक्षिणेकडच्या राज्यांत रिपब्लिकन पक्षाला मतं फारशी पडत नव्हती, तरी तिथून प्रतिनिधी भरपूर यायचे. त्यातले बरेच जण सरकारी नेमणुकांवर अवलंबून. १९०८ ला याच यंत्रणेने रूझवेल्ट यांच्या मर्जीतल्या टॅफ्ट यांना तिकीट दिलं होतं. आता ती त्यांच्यावरच उलटली.

जूनमध्ये शिकागोत अधिवेशन भरलं. प्रतिनिधी १०७८, जिंकायला हवेत ५४०. २५४ जागांवर वाद होता. पक्षाच्या समितीने त्यातल्या २३५ टॅफ्ट यांना दिल्या आणि १९ रूझवेल्ट यांना. वातावरण इतकं तापलं होतं की व्यासपीठाच्या सजावटीखाली काटेरी तार लावली होती. टॅफ्ट यांना ५६१ मतं मिळाली. रूझवेल्ट यांच्या ३४४ समर्थकांनी हजर असूनही मत दिलं नाही.

बुल मूस पार्टी

१८८४ ला शिकागोत पक्ष न सोडणारे रूझवेल्ट २८ वर्षांनी शिकागोतच बाहेर पडले. ऑगस्टमध्ये त्याच शहरात प्रोग्रेसिव्ह पार्टी स्थापन झाली. आपण बुल मूससारखे ठणठणीत आहोत असं रूझवेल्ट सांगायचे, म्हणून लोक तिला बुल मूस पार्टी म्हणायला लागले. मूस म्हणजे उत्तर अमेरिकेतलं आडदांड हरीण.

महिलांना मताधिकार, आठ तासांचा दिवस, आजारपण आणि म्हातारपणासाठी विमा, सिनेटरची थेट निवडणूक, असा त्यांचा जाहीरनामा होता. समाजसेविका जेन ॲडम्स यांनी रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला अनुमोदन दिलं. पण याच अधिवेशनात दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना जागा नाकारली गेली. गोऱ्या दक्षिणेची मतं मिळतील या आशेने रूझवेल्ट यांनी ते मान्य केलं. मतं मिळाली नाहीत, डाग मात्र राहिला.

फूट घरातही पोहोचली. मुलगी ॲलिस वडिलांच्या बाजूने, तर तिचा नवरा निकोलस लाँगवर्थ टॅफ्ट यांच्या बाजूने. तो काँग्रेसचा सदस्य होता आणि टॅफ्ट यांच्याच सिनसिनाटी शहरातून उभा होता. अगदी थोडक्या मतांनी तो पडला.

डेमोक्रॅटिक पक्षातही सगळं आलबेल नव्हतं. बाल्टिमोरच्या अधिवेशनात मतदानाच्या तब्बल ४६ फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे वूड्रो विल्सन यांचं नाव पक्कं झालं. पण एकदा नाव ठरल्यावर तो पक्ष एकत्र राहिला. फरक इथेच पडला.

निकाल

५ नोव्हेंबर १९१२. रूझवेल्ट यांना सुमारे ४१ लाख मतं, टॅफ्ट यांना ३५ लाख. दोघांची बेरीज ७६ लाख. विल्सन यांना ६३ लाख.

अमेरिकेत बहुतेक राज्यांत ज्याला सगळ्यात जास्त मतं, त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं मिळतात. त्यामुळे ४८ पैकी ४० राज्यं विल्सन यांना गेली. इलेक्टोरल मतं विल्सन ४३५, रूझवेल्ट ८८ आणि विद्यमान राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट फक्त ८. चार वर्षांपूर्वी याच डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन ६४ लाख मतं घेऊन हरले होते. विल्सन त्यांच्यापेक्षा कमी मतं घेऊन जिंकले.

नवा पक्ष फार टिकला नाही. १९१६ ला प्रोग्रेसिव्ह पार्टीने रूझवेल्ट यांना पुन्हा उमेदवारी दिली, पण त्यांनी ती नाकारली आणि रिपब्लिकन उमेदवाराला पाठिंबा दिला. ज्यांनी त्यांच्यासाठी जुना पक्ष सोडला होता ते वाऱ्यावर पडले. काही परत गेले, काही विल्सन यांच्याकडे वळले. रिपब्लिकन पक्षावर जुन्या गटाची पकड मात्र घट्ट झाली. गंमत म्हणजे १९१२ च्या जाहीरनाम्यातल्या मागण्या हळूहळू कायदे झाल्या. सिनेटरची थेट निवडणूक १९१३ ला, महिलांचा मताधिकार १९२० ला.

आणि मैत्रीचं काय झालं?

मे १९१८. पुन्हा शिकागोच. ब्लॅकस्टोन हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये रूझवेल्ट एकटेच बसले होते. टॅफ्ट त्याच हॉटेलात उतरले होते. रूझवेल्ट इथेच आहेत असं कळल्यावर ते सरळ त्यांच्या टेबलापाशी गेले. रूझवेल्ट उठले, दोघांनी हात मिळवले आणि हॉलमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोघं तिथेच गप्पा मारत बसले.

दोनच महिन्यांनी रूझवेल्ट यांचा धाकटा मुलगा क्वेंटिन पहिल्या महायुद्धात विमान पडून मारला गेला. १९२० ला रिपब्लिकन पक्ष पुन्हा रूझवेल्ट यांनाच उभं करणार अशी चर्चा होती, पण ६ जानेवारी १९१९ ला झोपेतच त्यांचं निधन झालं. वय ६०. मिलवॉकीची ती गोळी शेवटपर्यंत छातीतच होती.

टॅफ्ट अंत्यविधीला आले होते. दफन झालं, लोक पांगले, तरी ते बराच वेळ कबरीपाशी रडत उभे होते. दोन वर्षांनी ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. ज्या पदासाठी त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली ते मिळालं, पण ते बघायला रूझवेल्ट नव्हते.