जमिनीसाठी जेलभरो करणारे दिंडोरीचे दादासाहेब

समाजकल्याण ऑफिसात भूमिहीनांना जमीन द्यायच्या योजनेचा फॉर्म मिळतो. ४ एकर कोरडवाहू नाहीतर २ एकर बागायती. योजनेला नाव आहे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचं. पण फॉर्म भरणाऱ्या पोरांना हे कोण होते विचारलं तर बरेच गप्प बसतात. म्हणून हे लिहितोय.

भाऊराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. सगळे त्यांना दादासाहेबच म्हणायचे. नाशिकला १९३० साली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या मागे जमवाजमव करणारा खरा माणूस हाच. पुढे आमदार झाले, १९५७ ला नाशिकचे खासदार झाले.

पण खासदारकी मिळाली म्हणून घरी बसले नाहीत. पडीक सरकारी जमीन आणि गायरान भूमिहीनांना कसायला द्या, ही मागणी घेऊन १९५९ ला खानदेश, नाशिक, नगर, मराठवाडा भागात सत्याग्रह केला. बायामाणसं लेकरं घेऊन अटक व्हायला आली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी आश्वासन दिलं, पण जमीन काही पुरेशी वाटली गेली नाही.

मग १९६४. आधी दिल्लीत संसदेवर मोर्चा नेला, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांचं निवेदन दिलं. जमीन, किमान मजुरी, धान्याचे आटोक्यातले भाव, बौद्ध झालेल्यांना सवलती आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र. ६ डिसेंबरपासून देशभर सरकारी कचेऱ्यांपुढे मोर्चे निघाले, लोक रोज अटक करून घेऊ लागले. चळवळीच्या सांगण्याप्रमाणे ३ लाखांवर लोक तुरुंगात गेले. डिसेंबर म्हणजे रब्बीच्या कामाचे दिवस. हातावर पोट असलेल्या माणसाने तेव्हा मजुरी बुडवून आत जाणं किती अवघड, हे शेतात राबणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

शास्त्रींनी बऱ्याच मागण्या मान्य केल्या, सत्याग्रह थांबला. अंमलबजावणी मात्र रखडली. दादासाहेबांना १९६८ ला पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले.

सेंट्रल हॉलमध्ये तैलचित्र लागलं ते १९९० साली. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. गायरान कसणारे मात्र सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून अजून तहसीलपुढे बसलेले दिसतात.