नावाला घर देणारे तर्कपंडित : अलोंझो चर्च

मी शाळा शिकलो मराठीतून आणि गल्लीत खेळलो कन्नडमधून. त्यामुळे एक गोष्ट फार लवकर कळली. एकच शब्द घर बदलले की अर्थ बदलतो. मराठीत अनुमान म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. कन्नडमध्ये तोच शब्द संशय या अर्थाने चालतो. लहानपणी एकदा मित्र कुठे गेला असेल, याबद्दलचे माझे अनुमान मी त्याच्या आईला कन्नडमधून सांगितले आणि त्या बाईंना वाटले, हा आमच्या मुलावर संशय घेतो! शब्द माझ्या घरचा होता, पण अर्थ लावला गेला त्यांच्या घरचा.

गेल्या वर्षी सुट्टीत आमच्या संगणकाच्या सरांनी आम्हां काही कॉमर्सवाल्यांना स्कीम नावाची संगणकभाषा शिकविली. तिथे हीच अडचण पुन्हा भेटली आणि तिचा माग काढता काढता मी एका थोर माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च हे ते नाव. वाचकमित्रांना त्यांची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

चर्च यांचा जन्म १४ जून १९०३ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील न्यायाधीश होते. पुढे त्यांची दृष्टी अधू झाली, पद सोडावे लागले आणि कुटुंब व्हर्जिनियातील ग्रामीण भागात राहावयास गेले. एका काकांनी शिक्षणाचा भार उचलला म्हणून अलोंझोंना कनेक्टिकटमधील चांगल्या शाळेत जाता आले. शाळेत असतानाच छऱ्याच्या बंदुकीच्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना ट्रामने त्यांना धडक दिली. इस्पितळात पडून असता मेरी नावाच्या एका शिकाऊ परिचारिकेशी ओळख झाली आणि १९२५ साली ती त्यांची सहधर्मचारिणी झाली. संकटाच्या पोटी भाग्य असते ते असे!

१९२४ साली ते पदवीधर झाले आणि १९२७ साली ऑस्वाल्ड व्हेब्लेन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. नंतरची दोन वर्षे हार्वर्ड, गटिंगेन आणि ॲमस्टरडॅम येथे अभ्यासात घालवून १९२९ साली ते प्रिन्स्टनला अध्यापक म्हणून परतले. तेथे १९६७ पर्यंत त्यांनी शिकविले. शिस्त अशी की, व्याख्यानापूर्वी ते फळा किती निगुतीने स्वच्छ करीत, हे त्यांचे विद्यार्थी पुढे आयुष्यभर सांगत राहिले. एकही अक्षर संदिग्ध राहता कामा नये, हा त्यांचा स्वभाव.

तरुणपणी त्यांनी एक मोठे धाडस केले. सर्व गणिताला पाया देईल अशी तर्कपद्धती त्यांनी १९३२ आणि १९३३ सालच्या दोन निबंधांत मांडली. पण १९३५ साली क्लीनी आणि रॉसर या त्यांच्याच शिष्यांनी त्या पद्धतीत परस्परविरोध आहे, हे सिद्ध केले. विचार करा, आपण वर्षानुवर्षे बांधलेली इमारत आपलेच विद्यार्थी पाडून दाखवितात! दुसरा एखादा खचला असता. चर्च यांनी पडलेल्या इमारतीतून जो भाग निर्दोष होता तो वेगळा काढला. तोच लॅम्डा कलन. लॅम्डा हे ग्रीक अक्षर. सूत्रातील कोणते नाव त्या सूत्राचे स्वतःचे आहे, हे दाखविण्यासाठी चर्च ते वापरीत.

आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना समजेल असे उदाहरण घेऊ. मुद्दल सांगा, त्याला दराने गुणतो आणि शंभराने भागतो, असे एका वर्षाच्या व्याजाचे सूत्र आहे. यात मुद्दल हे नाव सूत्राचे स्वतःचे. ते बद्ध. दर मात्र बाहेरून येतो. तो मुक्त. चर्च यांचा दंडक असा की, एक सूत्र दुसऱ्यात घालताना बाहेरचे मुक्त नाव आतल्या तशाच नावाच्या तावडीत सापडू द्यायचे नाही. तसा संभव असेल तर आतले नाव आधी बदलून घ्यायचे. आमच्या वर्गात दोन पाटील आहेत. हजेरीत गोंधळ नको म्हणून एकाला आम्ही गावाच्या नावाने हाक मारतो, तसेच हे.

याच कलनाच्या आधारे १९३६ साली चर्च यांनी एक जगप्रसिद्ध निष्कर्ष काढला. तर्कशास्त्रातील कोणतेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरवून देणारी यांत्रिक रीत हिल्बर्ट यांना हवी होती. अशी सर्वांना लागू पडणारी रीत असूच शकत नाही, हे चर्च यांनी दाखविले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ॲलन टुरिंग वेगळ्या वाटेने तेथेच पोचले. पुढे टुरिंग प्रिन्स्टनला आले आणि १९३८ साली चर्च यांच्याकडेच त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. १९३६ मध्येच निघालेल्या तर्कशास्त्राच्या नियतकालिकाचा परीक्षण विभाग चर्च यांनी १९७९ पर्यंत सांभाळला. बेसिक ही संगणकभाषा निर्माण करणाऱ्या दोघांपैकी जॉन केमेनी हेही त्यांचेच शिष्य.

१९४१ साली लॅम्डा कलनावरचे त्यांचे छोटे पुस्तक निघाले. १९५८ च्या सुमारास जॉन मॅकार्थी यांनी लिस्प ही भाषा रचताना त्यातील लॅम्डाची खूण उचलली. पण चर्च यांचा दंडक पूर्णपणे पाळला गेला नाही. लिस्पमध्ये मुक्त नावाचा अर्थ सूत्र जिथे लिहिले तिथे न शोधता, ते जिथून वापरले तिथे शोधला जाई. सूत्र आपले घर विसरे आणि ज्याने हाक मारली त्याच्या घरचे होऊन जाई. १९६४ साली पीटर लँडिन यांनी सूत्र आणि त्याच्या जन्माच्या वेळचा नावांचा परिसर यांची एकत्र गाठोडी बांधण्याची कल्पना मांडली आणि तिला क्लोजर हे नाव दिले. १९७५ साली एम.आय.टी.मध्ये जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी स्कीम भाषा तयार केली. तिच्यात प्रत्येक सूत्र असे गाठोडे घेऊनच फिरते. एम.आय.टी. स्कीममध्ये तर एखादा परिसर मुठीत धरून, हे वाक्य याच परिसरात सोडव, अशी आज्ञाही देता येते. मी दर १२ असलेल्या परिसरात व्याजाचे सूत्र जन्माला घातले, मग दर १४ असलेल्या दुसऱ्या जागेवरून ते वापरले. उत्तर १२ च्याच दराने आले. सूत्र आपले घर विसरले नव्हते.

हे पाहून मी चमकलो, कारण हेच गणित आमच्या घरी घडून गेले होते. वडिलांनी एका ठिकाणाहून पन्नास हजारांचे कर्ज घेतले होते. करारात दर १२ टक्के, मुदत संपेपर्यंत न बदलणारा. पुढे तेथील दर १४ झाला आणि हिशेब करणाऱ्याने चालू दर लावून वर्षाचे व्याज सहा हजारांऐवजी सात हजार काढले. त्या हजार रुपयांसाठी वडिलांनी दोन महिने खेटे घातले. त्या वर्षी माझी फी उशिरा भरली गेली. अखेर जुना करारपत्राचा कागद पुढे ठेवल्यावर चूक दुरुस्त झाली. दर हा शब्द दोन्हीकडे एकच होता; तो कोणत्या दिवशीच्या कागदावरचा, एवढाच प्रश्न होता. चर्च यांचा दंडक म्हणजे गरिबाचा करारपत्राचा कागदच नव्हे काय?

१९६७ साली चर्च प्रिन्स्टन सोडून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले आणि १९९० पर्यंत, म्हणजे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षापर्यंत, तेथे राहिले. ११ ऑगस्ट १९९५ रोजी ओहायो राज्यातील हडसन येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे दफन मात्र प्रिन्स्टनला झाले.

एका डोळ्याने पाहणाऱ्या या माणसाने शब्दाकडे दोन्ही बाजूंनी पाहावयास शिकविले. आपल्या या दोन भाषांच्या गावात आपण रोज एकमेकांचे शब्द उचलतो आणि आपल्याच घरचा अर्थ लावून भांडतो. मित्रहो, पुढच्या वेळी एखादा शब्द खटकला, तर आधी त्याचे घर विचारू या. मी तर त्या मित्राच्या आईला आता कन्नडमधून अनुमान सांगत नाही. मला काय वाटते ते सांगतो.