तुरुंगात रुजलेला ‘स्पार्टाकस’

रोमहून कापुआकडे जाणाऱ्या आपियन मार्गाच्या कडेने सहा हजारांवर क्रूस उभे आहेत. बंडात जिवंत सापडलेल्या गुलामांना त्यांवर खिळले आहे. त्याच रस्त्याने काही सुखवस्तू रोमन तरुण मौजेच्या प्रवासाला निघाले आहेत. हॉवर्ड फास्ट यांची ‘स्पार्टाकस’ ही कादंबरी येथे सुरू होते, तेव्हा तिचा नायक मरण पावलेला असतो.

११ नोव्हेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्कमधील गरीब ज्यू कुटुंबात जन्मलेल्या फास्ट यांची आई ते लहान असतानाच वारली. वर्तमानपत्रे टाकत वाढलेल्या या मुलाची पहिली कादंबरी १९३३ साली, अठराव्या वर्षीच प्रसिद्ध झाली. ‘सिटिझन टॉम पेन’ आणि ‘फ्रीडम रोड’ या कादंबऱ्यांनी पुढे त्यांना लाखो वाचक मिळवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि लवकरच वारे फिरले. १९४७ मध्ये ‘सिटिझन टॉम पेन’ न्यूयॉर्कच्या शालेय ग्रंथालयांतून हटवण्यात आली. स्पेनमधील यादवीत होरपळलेल्या निर्वासितांसाठी निधी जमवणाऱ्या समितीत फास्ट होते. देणगीदारांची नावे अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीला देण्याचे त्यांनी नाकारले आणि १९५० मध्ये त्यासाठी तीन महिन्यांचा तुरुंगवास पत्करला.

स्पार्टाकसचा विषय तिथेच मनात रुजला. इसवी सनपूर्व ७३ मध्ये कापुआच्या आखाड्यातून सत्तरेक ग्लॅडिएटर स्वयंपाकघरातील सुऱ्या घेऊन पळाले आणि दोन वर्षे रोमच्या फौजा त्यांनी हैराण केल्या, एवढे इतिहास सांगतो. बंडखोरांच्या बाजूची एकही ओळ मात्र मागे उरलेली नाही. फास्ट यांनी या उणिवेतूनच कादंबरीचा घाट घडवला. क्रासस, सिसेरो, आखाड्याचा मालक बाटियाटस यांच्या आठवणींतून हा गुलाम उलगडत जातो. जेत्यांना त्याच्याविषयी बोलल्यावाचून राहवत नाही, हीच या पुस्तकाची खरी ताकद. नुबियाच्या खाणींतील त्याचे आयुष्य हे फास्ट यांचे कल्पित. पण खाणीतल्या गुलामांची त्या काळची अवस्था अशीच भीषण होती.

एकामागून एक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केले. अखेर १९५१ मध्ये फास्ट यांनी स्वतःच ते छापले आणि अल्पावधीत ४० हजारांवर प्रती खपल्या.

१९५३ मध्ये मॉस्कोने त्यांना स्टालिन शांतता पुरस्कार दिला. स्टालिनच्या अत्याचारांची कबुली १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनीच दिल्यावर मात्र फास्ट हादरले. त्यांनी पक्ष सोडला आणि १९५७ मध्ये ‘द नेकेड गॉड’ हे पुस्तक लिहून त्यामागची कारणे मांडली. कालचा सन्मानित लेखक सोव्हिएत नियतकालिकांत आता पळपुटा ठरला.

१९६० मध्ये कादंबरीवर स्टॅन्ली कुब्रिक यांचा चित्रपट आला. फास्ट यांच्याप्रमाणेच तुरुंगवास भोगलेले आणि हॉलिवूडने वाळीत टाकलेले डाल्टन ट्रम्बो त्याचे पटकथाकार होते. टोपणनावाआड लपण्याची वेळ या खेपेस त्यांच्यावर आली नाही. श्रेयनामावलीत त्यांचे खरे नाव झळकले. फास्ट त्यानंतरही चाळीस वर्षे लिहीत राहिले. १२ मार्च २००३ रोजी कनेक्टिकटमध्ये त्यांचे निधन झाले.