गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पेटी व मृदंग ह्यांच्या साथीनें भजनें होतात, व ज्यास हौस असेल तो गावयास शिकतो. परंतु एके काळीं शास्त्रोक्त गायन शिकणें सामान्य मनुष्यास फार दुर्लभ होतें. तें सर्वांस मिळावें म्हणून ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

विष्णु दिगंबर ह्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. त्यांचे वडील कीर्तनकार होते. बाळपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेची दारू तोंडाजवळ उडाली व त्यांची दृष्टि कायमची अधू झाली. शाळा सुटली. पुढें मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ह्यांजपाशीं त्यांनीं कित्येक वर्षें गायनाचा कसून अभ्यास केला.

त्या काळीं गवयास धनिकांच्या घरीं टाळ्या मिळत, पण मान मिळत नसे. असें सांगतात कीं, एका समारंभाचें बोलावणें शिष्यास आलें, पण गुरूस आलें नाहीं. कारण गुरु केवळ गवई! हें शल्य विष्णुबुवांच्या मनांत राहिलें. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडिलें. गांवोगांव हिंडून त्यांनीं तिकिटें लावून जाहीर जलसे केले, व राजाच्या मर्जीवांचून कोणासही गाणें ऐकतां येऊं लागलें.

५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तें संस्थानिकाच्या नव्हे, तर लोकांच्या आश्रयावर चाले. कांहीं विद्यार्थ्यांस तेथेंच ठेवून घेऊन ते त्यांस शिक्षक म्हणून तयार करीत. त्यांनीं स्वर लिहिण्याची पद्धति बसविली व पुस्तकें छापिलीं. त्यामुळें जें केवळ गुरुमुखांतून मिळे, तें कागदावरूनही शिकतां येऊं लागलें.

१९०८ सालीं त्यांनीं मुंबईस विद्यालय काढिलें. तेथें मोठी इमारत बांधिली. परंतु कर्ज फिटेना, व शेवटीं तिचा लिलाव झाला. आयुष्याची कमाई डोळ्यांदेखत गेली. १९२२ सालीं नाशिक येथें त्यांनीं रामनाम आधाराश्रम काढिला होता. उत्तर वयांत तेथें राहून ते भजन व अध्यापन करीत. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचें देहावसान झालें.

इमारत गेली, पण शिष्य राहिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास व बा. र. देवधर ह्यांनीं गुरूचें कार्य पुढें चालविलें. त्याच १९३१ सालीं शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें, व त्याच्या परीक्षांस अजूनही हजारों विद्यार्थी बसतात.

विष्णुबुवांची उपासना आमच्याहून निराळी होती. तरी जे बंधु गांवच्या मुलांस गाणें शिकवितात, त्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, विद्या आपणांपाशीं झांकून न ठेवितां जो दुसऱ्यांस देतो, त्याचें काम घर मोडल्यानेंही मोडत नाहीं.