कोलनवाले रंगनाथन

मागच्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट म्हणून मी डिपार्टमेंटची वेबसाइट केली. दिसायला एकदम झकास! सरांनी होस्टेलची सहा पोरं बसवली आणि एकच काम दिलं, लॅबचं टाइमटेबल शोधा. स्वतः घड्याळ घेऊन उभे. दोघांना सापडलं, चौघांनी नाद सोडला. माझं तोंड बघण्यासारखं झालं. सरांनी मला थेट लायब्ररीत पिटाळलं, रंगनाथन वाचायला.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तमिळनाडूतल्या शियाळीचा. मूळचे गणिताचे मास्तर. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि आठवड्याभरातच कंटाळून परत शिकवायला सोडा म्हणून मागे लागले. आधी लंडनला शिकून या, मग बघू, असं सांगून त्यांना पाठवलं गेलं. तिथे ग्रंथालयं पाहून माणूस असा पेटला की परतल्यावर वीसेक वर्षं तिथेच राहिला. लग्नाच्या दिवशीही दुपारी कामावर हजर होते म्हणे!

लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. मोजकेच तुकडे, पण जोडाल ते तयार. ड्युईच्या पद्धतीत प्रत्येक विषयाची जागा बहुतेक आधीच ठरलेली असते. रंगनाथननी विषयाचेच तुकडे पाडले. कोकणातल्या आंब्यावरच्या रोगाचं पुस्तक घ्या. आंबा एक तुकडा, रोग दुसरा, कोकण तिसरा, साल चौथा. मधे जोडायला कोलनचं चिन्ह. ही कोलन पद्धती १९३३ साली छापून आली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले होते. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. सरांचं घड्याळ आठवलं!

पण मला खरा चटका लागला तो पुढच्या भागाने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डच्या विमानविद्या कॉलेजात (म्हणजे आपल्याच जातीचं कॉलेज!) सिरिल क्लेव्हरडन या ग्रंथपालाने सुमारे १८ हजार लेखांची चार पद्धतींनी सूची केली, प्रश्न विचारले आणि कुठल्या पद्धतीने हवा तो लेख किती वेळा सापडतो ते मोजलं. एक पद्धत रंगनाथन यांच्या विचाराची होती. चौघींचे आकडे साधारण ७४ ते ८२ टक्क्यांत आले आणि हिचा सगळ्यांत कमी. साध्या शब्दांची सूची वरचढ! इतकी देखणी मांडणी, आणि ७४. तरी मला वाटतं, आकडा कमी आला म्हणून तुकड्यांची कल्पना खोटी ठरत नाही. दुकानांच्या साइटवर आपण किंमत, रंग, साइज निवडतो तेव्हा तेच तुकडे जोडतो ना?

१९६२ साली त्यांनी बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढलं. पद्धतीत दुरुस्त्या चालूच होत्या. १९७२ मध्ये ते गेले. कोलनची सातवी आवृत्ती निघाली ती १९८७ ला.

मी टाइमटेबलची लिंक आता दोन ठिकाणी ठेवली आहे, लॅबखालीही आणि वर्षाखालीही. शुक्रवारी सहा नवी पोरं बसवली. पाच जणांना सापडलं. सहावा काय शोधत होता, ते विचारायला आज त्याच्या रूमवर जातोय.