देहाच्या पहारेकऱ्यांचा शोध : इल्या मेचनिकोव्ह

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि पुढे तेथे पू धरतो. हा दाह म्हणजे केवळ शरीराची हानी, असे एकोणिसाव्या शतकातील बहुतेक वैद्य मानीत. तो शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी दिलेला लढा असतो, हे इल्या मेचनिकोव्ह यांनी दाखवून दिले.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ साली आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या एका खेड्यात झाला. प्राणिशास्त्राचा अभ्यास करून ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. १८७३ साली क्षयाने त्यांच्या पत्नीचे निधन झाले. या आघाताने ते पार खचले. पुढे संशोधनानेच त्यांना सावरले. १८८२ साली विद्यापीठाची नोकरी सोडून ते इटलीतील मेसिना येथे गेले.

एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असता ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. ताऱ्यामाशाच्या पारदर्शक डिंभांमध्ये हिंडणाऱ्या पेशी पाहताना त्यांच्या मनात एक कल्पना चमकली. त्यांनी बागेतील गुलाबाचे काटे आणून त्या डिंभांत टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला! रोगजंतूंना गिळून पचवणाऱ्या अशा पेशींना पुढे भक्षकपेशी हे नाव मिळाले. आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी याच कुळातल्या आहेत.

अनेक जर्मन शास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. रोगाचा प्रतिकार पेशी नव्हे, तर रक्तद्रवातील पदार्थ करतात, असे त्यांचे मत होते. १८८८ साली लुई पाश्चर यांनी पॅरिसच्या आपल्या संस्थेत मेचनिकोव्ह यांना प्रयोगशाळा दिली. तेथे त्यांनी वीस वर्षे नेटाने आपली बाजू मांडली. १९०८ साली त्यांना आणि रक्तद्रवाचे अभ्यासक पाउल एर्लिख यांना नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. दोन्ही पक्षांत तथ्य होते.

ओडेसा येथील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हेही पॅरिसला आले. त्यांनीच १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांचे नाव चालवते.

गुरूही असेच धाडसी होते. पटकीचे जंतू सर्वांनाच का बाधत नाहीत, हे जाणण्यासाठी त्यांनी ते स्वतः पिऊन पाहिले. त्यांना बाधा झाली नाही. प्रयोगात सामील झालेला एक सहकारी मात्र गंभीर आजारी पडला. आतड्यात वसणाऱ्या इतर जंतूंचा यात हात असावा, असे त्यांना वाटले. म्हातारपणी भक्षकपेशी देहाच्याच ऊतींवर उलटतात आणि मोठ्या आतड्यातील सडण्यातून निघणारी विषे त्याला कारण होतात, असेही त्यांनी मांडले. म्हणून ते नेमाने आंबवलेले दूध घेत. मोठे आतडे निरुपयोगी आहे, हा त्यांचा समज मात्र पुढे चुकीचा ठरला.

१९१६ साली पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. आज आतड्याच्या जुनाट दाहाचा अभ्यास करताना त्यांच्या पेशी पुन्हा समोर येतात. निरोगी आतड्याच्या अस्तरात मोठ्या भक्षकपेशी आत शिरणारे जंतू गाजावाजा न करता गिळतात. हा संयम सुटला की रक्तातील पांढऱ्या पेशींचे थवे तेथे धावून येतात. त्यांच्या माऱ्यात जंतूंबरोबर अस्तरही होरपळते आणि व्रण पडतात. उलट, या पेशींची जंतू मारण्याची शक्तीच उणी असलेल्या एका आनुवंशिक विकारातही आतड्याला दाह होतो. पहारेकरी दुबळा असून चालत नाही आणि बेभान होऊनही चालत नाही. या पहारेकऱ्याची पहिली ओळख जगाला मेचनिकोव्ह यांनी करून दिली.